वगळलेला भाग

दरवर्षी नवे वर्ग सुरू झाले की विद्यार्थ्यांकडून पहिला प्रश्न ठरलेला येतो. नाटक कोणते, नाटककार कोण, हे कळण्याच्या आधीच मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "सर, यातला कोणता भाग वगळला आहे?" तीस वर्षांच्या अध्यापनानंतर या प्रश्नाचा मला राग येईनासा झाला आहे. उलट त्यात एक प्रकारचा व्यवहारी शहाणपणा आहे, असेच मला वाटू लागले होते. आयुष्य थोडे आणि ग्रंथ अपार. तेव्हा काय वाचावे यापेक्षा काय गाळावे हे ज्याला लवकर उमगले तो सुखी, असे मीही मानीत आलो. घरातला माझा कारभारदेखील बराचसा याच सूत्राने चालत असे. परंतु काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात न्यूयॉर्क शहरातील नाट्यगृहात मी जेमतेम सतरा-अठरा मिनिटांचा एक बॅले पाहिला, आणि तेव्हापासून या सूत्रावरचा माझा विश्वास डळमळीत झाला आहे.

माझी मुलगी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे गेलो होतो. एके दिवशी तिने नाचाच्या कार्यक्रमाची तीन तिकिटे आणून टेबलावर ठेवली. सौभाग्यवतींना तिकडची थंडी बाधली होती; त्यांनी अंथरुणातूनच आम्हांला निरोप दिला. बॅलेविषयी मला विशेष आस्था नव्हती. तथापि कार्यक्रमपत्रिकेत 'बालो देल्ला रेजिना' या नावाखाली संगीतकार म्हणून व्हेर्दीचे आणि त्याच्या 'डॉन कार्लोस' या ऑपेराचे नाव पाहिले, तेव्हा मी सावरून बसलो. हा ऑपेरा माझ्या विशेष प्रीतीतला. त्याच्या तबकड्या मी तरुणपणी पोटाला चिमटा घेऊन विकत घेतल्या होत्या आणि त्या झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. पण वाद्यवृंद सुरू झाला आणि मी चकित झालो. हे संगीत मी कधी ऐकलेच नव्हते! ज्या घरात आपण पंचवीस वर्षे राहिलो त्या घरात आपल्याला ठाऊक नसलेली एक खोली निघावी, तसे मला झाले.

पुढे परत आल्यावर शोध घेतला तेव्हा खुलासा झाला. माझ्या तबकड्यांत तो भाग नव्हताच. तो वगळला होता.

या वगळण्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. पॅरिसच्या ऑपेरागृहात एकोणिसाव्या शतकात असा दंडक होता, की कथा कोणतीही असो, तीत एक बॅले असलाच पाहिजे. आणि तोही पहिल्या अंकात नव्हे. कारण तेथील प्रतिष्ठित वर्गणीदार रात्रीचे भोजन सावकाश आटोपून मग येत, आणि त्यांपैकी पुष्कळांना गायनापेक्षा नर्तिकांचेच अगत्य अधिक असे. वाग्नरने 1861 साली आपल्या 'टानहॉयझर'मधला नाच आरंभीच ठेवण्याचा बाणेदारपणा केला. त्याचे फळ म्हणून जॉकी क्लबच्या सभासदांनी शिट्ट्या वाजवून असा गोंधळ घातला, की तीन प्रयोगांनंतर तो ऑपेरा मागे घ्यावा लागला. व्हेर्दी जात्याच व्यवहारी. या संस्थेला तो 'मोठे दुकान' म्हणून हिणवीत असे. पण दुकानाचा रिवाज मोडण्याच्या भरीस तो पडला नाही. 'डॉन कार्लोस'च्या तिसऱ्या अंकात त्याने सुमारे पाव तासाचा बॅले घातला.

ऑपेराचे कथानक शिलरच्या नाटकावरून घेतलेले आहे. स्पेनचा राजपुत्र कार्लोस आणि फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह ठरलेला असतो. परंतु राजकारणाच्या सोयीसाठी कार्लोसचा बाप, राजा फिलिप, हाच तिच्याशी विवाह करतो. प्रेयसी माता होऊन समोर उभी राहते. या दुःखाच्या मध्यभागी, राणीच्या बागेत रात्रीचा उत्सव चाललेला असतो. थकलेली राणी आपला मुखवटा एबोली नावाच्या सरदारकन्येला देऊन निघून जाते, आणि मग सुरू होतो हा नाच. एक कोळी समुद्राखालच्या गुहेत शिरतो. तेथे नाना रंगांचे मोती त्याच्यापुढे नाचतात. आणि सर्वांत श्रेष्ठ असे जे मोती, ते म्हणजे खुद्द राणीच, असा शेवटी गौरव होतो. या बॅलेचे नाव 'ला पेरेग्रिना'. फिलिप राजाच्या खजिन्यात या नावाचे एक टपोरे मोती खरोखरच होते. पेरेग्रिना या शब्दात यात्रेकरू, भटकी असा अर्थ आहे. आणि त्या मोत्यानेही आपले नाव सार्थ केले. अनेक राजघराण्यांतून फिरत फिरत ते 1969 साली एलिझाबेथ टेलर या नटीच्या गळ्यात येऊन पोहोचले होते.

आता मौज पाहा. ऑपेरा 11 मार्च 1867 रोजी रंगभूमीवर यावयाचा होता. तालमींत असे आढळून आले, की तो फारच लांबतो आहे. प्रयोग मध्यरात्रीच्या आत संपला नाही तर उपनगरांत राहणाऱ्या प्रेक्षकांची शेवटची आगगाडी चुकेल. तेव्हा कात्री चालविणे प्राप्त झाले. पण कात्री चालली ती कशावर? कथेच्या मर्मस्थानांवर! ऑपेराच्या आरंभीचा प्रवेश गेला. पोसा या मित्राच्या प्रेताशेजारी राजा आणि राजपुत्र विलाप करतात तो प्रसंग गेला. नाच मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो दंडकच होता. या विलापाची चाल व्हेर्दीने वाया जाऊ दिली नाही. 1874 च्या 'रेक्विएम'मधील 'लाक्रिमोसा' या शोकगीतासाठी त्याने ती पुन्हा उपयोगात आणली. कापलेली पाने मात्र ऑपेराच्या ग्रंथालयात शंभर वर्षे पडून राहिली. 1970 च्या सुमारास अँड्र्यू पोर्टर नावाच्या समीक्षकाने आणि इतर संशोधकांनी ती उजेडात आणली.

पुढे 1884 साली मिलानसाठी व्हेर्दीने या ऑपेराची आटोपशीर चार अंकी आवृत्ती सिद्ध केली. तेथे पॅरिसचा दंडक नव्हता, वर्गणीदार नव्हते. या खेपेस पहिला अंक गेला आणि बॅलेही गेला. पूर्वी नाचासाठी कथा कापली, आता कथेसाठी नाच कापला. माझ्या मनात भरले ते हे, की दोन्ही वेळा कात्री चालविणारांची कारणे सबळ होती. वगळणाराजवळ सबळ कारण नेहमीच असते.

अशा रीतीने पोरके झालेले हे संगीत जॉर्ज बॅलन्शिन याच्या हाती आले. हा सेंट पीटर्सबर्ग येथे 1904 साली जन्मला, तेथील राजाश्रित नृत्यशाळेत शिकला, 1924 साली रशियाबाहेर पडला आणि 1933 साली अमेरिकेत जाऊन स्थायिक झाला. न्यूयॉर्क सिटी बॅले ही संस्था 1948 साली उभी राहिली ती मुख्यत्वे त्याच्या कर्तृत्वावर. ऑपेरात घुसडलेल्या नाचांची त्याला तरुणपणापासून सवय होती. मोंटे कार्लो येथे दियाघिलेफच्या मंडळीत असताना दर हंगामात असे नाच बसवून देणे हे त्याच्या चाकरीतच मोडत असे. योगायोग असा, की 1867 साली पॅरिसला 'ला पेरेग्रिना' बसविणारा ल्यूसियँ पेटिपा हा मारियस पेटिपाचा थोरला भाऊ. आणि ज्या शाळेत बॅलन्शिन घडला तिची परंपरा मारियसच्या हातची. थोरल्या पातीचे टाकलेले बाड धाकट्या पातीच्या वारसाकडे एकशे अकरा वर्षांनी परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

बॅलन्शिनच्या शैलीला 'नवअभिजात' असे म्हणतात. हा शब्द भारदस्त असला तरी गोष्ट सोपी आहे. जुन्या बॅलेचे व्याकरण, म्हणजे पायांच्या पाच मूळ स्थिती, बाहेर वळलेल्या मांड्या, बोटांच्या टोकावर तोलणे, हे सारे त्याने ठेवले. किंबहुना अधिक कडक केले. टाकून दिले ते कथानक, मूकाभिनय, रंगवलेले राजवाडे आणि जड पोशाख. उरले काय? तर संगीत आणि शरीर. ऑपेरांतील टाकाऊ समजले गेलेले नृत्यसंगीत या कामाला विशेष उपयोगी, हे त्याने हेरले होते. दोनीझेत्तीच्या 'डॉम सेबास्टियन'मधील नाचांवर त्याने 1960 साली एक बॅले रचला. गुनोच्या 'फाउस्ट'मधील नाचावर रचलेला बॅले न्यूयॉर्कला 1980 साली आला. त्याचा सहकारी जेरोम रॉबिन्स यानेही 1979 साली मुख्यतः व्हेर्दीच्याच दुसऱ्या एका ऑपेरातील ऋतुनृत्ये घेऊन तसाच प्रयोग केला. पंडित या संगीताला हलके म्हणतात, आणि ते हलके आहेच. ठेका ठसठशीत, ओळी चौरस, भावनेचा भार बेताचा. पण जे संगीत एकट्याने ऐकताना रिकामे वाटते, त्याच्याच रिकाम्या जागेत नाचणाराला पाय ठेवता येतो. भरगच्च सिंफनीत तो कोठे ठेवणार?

'बालो देल्ला रेजिना' 12 जानेवारी 1978 रोजी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आला. मुख्य भूमिका मेरिल अ‍ॅशली या नर्तिकेसाठी रचली होती, आणि तिच्यासोबत रॉबर्ट वाइस होता. चार नर्तिका आणि बारा जणींचा मेळा, एवढाच परिवार. अ‍ॅशलीच्या अंगी दोन गुण विशेष होते: वेग आणि स्वच्छता. वेगात पाऊल सहसा पुसट होते. हिचे होत नसे. बॅलन्शिन स्वतःला आचारी किंवा सुतार म्हणवून घेत असे. समोर जे लाकूड असेल त्याची शिरा पाहून तो रंधा चालवी. त्याने या दोन गुणांची परीक्षा पाहावी तसा हा नाच रचला. एका पायाच्या टोकावर लंगडी घातल्यासारख्या उड्या, पाय जमिनीला टेकतो न टेकतो तोच दिशा बदलणे, आणि हे सर्व जणू सकाळच्या प्रहरी अंगणात खेळावे इतक्या सहज मुद्रेने! गुहा नाही, शिंपले नाहीत, राणी नाही. पुरुष नर्तक काहीतरी शोधीत असल्यासारखा त्या सगळ्याजणींमधून येतो, तेवढ्यापुरती त्या कोळ्याची आठवण राहिली आहे. जुन्या मंदिराच्या जागी पायाचा एखादा दगड दिसावा, तितकीच.

मी जो प्रयोग पाहिला त्यात अर्थात नर्तिका दुसरी होती. पहिली चार-पाच मिनिटे मी माझ्या सवयीप्रमाणे अर्थ लावीत बसलो. हा कोण, ती कोण, ते रुसले का, भेटले का? कशाचाच पत्ता लागेना. मग केव्हातरी मी तो नाद सोडला, आणि सोडल्याबरोबर दिसू लागले. व्हेर्दीच्या व्हायोलिनांवर बारीक स्वरांची एक सर येते. तीतला एकेक स्वर त्या मुलीच्या पायाखाली येऊन फुटत होता. मला हसू आले, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. कशाचे, ते तेव्हा सांगता आले नसते.

सहज शेजारी पाहिले. माझी मुलगी निश्चल बसली होती; मात्र खुर्चीच्या हातावर तिच्या उजव्या हाताची बोटे चालली होती. करंगळीपासून अंगठ्याने मात्रा मोजीत ती समेची वाट पाहत होती. व्हेर्दीला सम ठाऊक नव्हती. पण तिला ती बरोबर सापडत होती.

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. ही मुलगी वयाच्या सहाव्या वर्षापासून कथक शिकत होती. आमच्या गल्लीच्या टोकाशी एक बाई राहत. त्यांच्याकडे ती रोज संध्याकाळी जाई. पंधराव्या वर्षी शालान्त परीक्षा आली. मी म्हणालो, "हे एक वर्ष नाच बंद ठेवू." एकाचे तीन झाले, मग अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा आली, मग नाच बंद आहे असे म्हणण्याचेही कोणाला कारण उरले नाही. ती रडली नाही, भांडली नाही. घुंगरांच्या दोऱ्या नीट गुंडाळून तिने एका पिशवीत ठेवल्या, आणि ती पिशवी मी स्वतः माळ्यावर टाकली. माझी कारणे सबळ होती. तिच्या आयुष्याचे कथानक पुढे सरकावयाचे होते, आणि नाच त्याच्या आड येत होता.

गंमत अशी, की याच सुमारास मी महाविद्यालयात काव्यशास्त्रावर व्याख्याने देत होतो, आणि त्यांत भरताच्या नाट्यशास्त्राचाही उल्लेख करीत होतो. त्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात मुनी भरताला माझाच प्रश्न विचारतात. अभिनय हा अर्थ पोहोचविण्यासाठी आहे. मग नृत्ताचे प्रयोजन काय? ते गीताचा अर्थ सांगत नाही, कशाचे वर्णन करीत नाही. मग ते निर्माण तरी कशाला केले? भरताचे उत्तर मोठे निर्भय आहे. नृत्ताला कशाचीच अपेक्षा नाही. त्याने शोभा उत्पन्न होते म्हणून ते आहे. लोकांना ते स्वभावतःच प्रिय आहे, म्हणून विवाहात, जन्मोत्सवात, आनंदाच्या प्रसंगी ते हवे. वर्गात हा भाग मी घाईने उरकीत असे, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. आपल्या शास्त्राने नृत्त आणि नृत्य असा भेद करून अर्थरहित नाचाला एक सन्मानाचे आसन देऊन ठेवले होते. युरोपात बॅलन्शिनसारख्यांना ते नव्याने मांडावे लागले. आणि मी, दोन्हीकडचा अभ्यासक म्हणविणारा, घरात मात्र त्या आसनावर पाठ्यपुस्तके रचून ठेवली होती.

आपल्या संगीत नाटकांचेही असेच नाही का झाले? पद सुरू झाले की कथा थांबे. 'वन्समोअर' झाला की पात्र मरणाच्या दारातून परत येऊन पुन्हा गाई. सुधारकांनी यावर पुष्कळ कोरडे ओढले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण आज त्यांतील कित्येक नाटकांची कथानके कोणाला आठवत नाहीत, आणि पदे मात्र नाटकावाचून घरोघर नांदत आहेत. कथेच्या वाटेत आडवा येणारा दगड म्हणून ज्याला दूषण दिले, तोच पुढे एकटा देवळात बसला.

मध्यंतरात आम्ही काचेच्या मोठ्या खिडकीपाशी उभे राहिलो. खाली चौकात कारंजे होते आणि थंडीने गोठलेली माणसे भरभर चालली होती. मुलीने विचारले, "बाबा, आवडलं का?"

मी म्हणालो, "आवडलं. पण गोष्ट काही कळली नाही."

ती हसली. "यात गोष्ट नसतेच. आमच्या बाई म्हणायच्या, तत्काराला अर्थ विचारू नये. पाय स्वच्छ वाजले म्हणजे झालं."

त्या बाईंचे नाव आमच्या घरात कित्येक वर्षांत निघाले नव्हते. निदान माझ्यासमोर निघाले नव्हते. माझ्या मनात क्षमेसारखे काहीतरी बोलावयाचे आले. परंतु बापाच्या जातीला ते शब्द सहसा वेळेवर सापडत नाहीत. मी एवढेच विचारले, "तुला ते बोल अजून आठवतात?"

"सगळे नाहीत," ती म्हणाली. "हात विसरले. पाय विसरत नाहीत." आणि तिने विषय बदलला.

तक्रारीचा सूर तिच्या बोलण्यात नव्हता. असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. मग मला माझी सबळ कारणे पुन्हा एकदा मांडता आली असती.

कार्यक्रमातला शेवटचा बॅले अजून व्हावयाचा होता. तिने घड्याळात पाहिले. आम्हांला आगगाडीने न्यू जर्सीला परतावयाचे होते, आणि ही गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी थंडीत तासभर तिष्ठावे लागणार होते. तिच्या आईला बरे नव्हते. तिला सकाळी कामावर जावयाचे होते. वयस्क बाप सोबत होता. मुलगी माझ्याच तालमीत वाढलेली. तिचीही कारणे सबळ होती.

"बाबा, आता निघू या. शेवटचं राहू दे. नाही तर गाडी चुकेल."

1867 सालच्या पॅरिसमधील त्या आगगाडीची हकीकत मला त्या वेळी ठाऊक नव्हती. नाही तर मी माझ्या धंद्याला अनुसरून तेथेच एक व्याख्यान दिले असते. नव्हती हेच बरे. मी तिच्या हातातला कोट घेतला आणि आत जावयास वळलो.

"चुकू दे," मी म्हणालो. "काही गाळायचं नाही."

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग आम्ही आमच्या जागेवर जाऊन बसलो. दिवे मंदावले, आणि खुर्चीच्या हातावर तिची बोटे पुन्हा चालू लागली.